रोझीला आलेलं बोलावणं

वर्षभर मी देवाचा राग राग केला, आणि तोही रविवारी चर्चच्या पहिल्या बाकावर बसून. लोकांना वाटायचं, बाई किती भाविक. अर्जुनी मोरगावजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात मी नर्स आहे. नवरा गेल्यावर मुलगी एकटीने वाढवली, आणि आमच्या लहानशा चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षणही मीच देते. आमचे फादर केरळचे. ते हिंदीत 'बुलाहट' म्हणतात, म्हणजे फादर किंवा सिस्टर होण्यासाठी देवाने मनात दिलेली हाक. खेड्यापाड्यांतल्या लोकांना कळावं म्हणून मी त्याचं मराठी केलं, 'देवाचं बोलावणं'. आमच्याकडे हे बोलावणं एरवी म्हाताऱ्या माणसांना येतं आणि मग तिरडी बांधावी लागते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण दुसरा शब्द सुचला नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे गुडघे टेकून मागायचो की, प्रभू, आमच्या घरांतून कुणालातरी बोलाव. मीही मोठ्याने मागायची, आणि मागताना माझे डोळे दुसऱ्यांच्या बाकांवर फिरायचे. चार-चार मुलं असलेली घरं होती तिथे. देवाने तिकडे बघावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

त्याने बघितलं माझ्याच घराकडे. रोझी, माझी एकुलती एक, बी.एस्सी. झाली आणि म्हणाली, मला सिस्टर व्हायचंय. मी रुसले, अबोला धरला, स्थळं आणली. फादरांना तोंडावर सुनावलं की, तुमच्या आईने पाचांतला एक दिला, मी कुठून देऊ? शेवटी एका संध्याकाळी जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यापेक्षा मेली असतीस तर बरं झालं असतं. एकदा रडून मोकळी झाले असते." रोझी उठली. ताट उचललं, घासलं आणि आत गेली. मी माफी मागितली नाही. सकाळी ती उठायच्या आत, तिचं तोंडही न बघता, मी कामावर निघाले.

त्या दिवशी लसीकरण होतं. अकराच्या सुमारास शेजारच्या रेखाबाईंचा फोन आला. "बाई, लवकर या. तुमच्या दाराच्या कडीले चिठ्ठी खोसून हाय." मी म्हटलं, वाचा. त्यांनी अडखळत वाचली. 'आई, मला देवाचं बोलावणं आलं आहे. मी जाते. रडू नकोस.' आणि पुढे रेखाबाईच रडायला लागल्या. "पोरगी तलावाच्या पाळीवरून जाऊन राहिली होती म्हणे. लोकायनं पाह्यली."

त्या शब्दाचे दोन्ही अर्थ माझ्याइतके नीट कुणाला ठाऊक होते? तरी त्या क्षणी मला एकच अर्थ कळला, कारण आदल्या संध्याकाळी तोच मी तिला ऐकवला होता. तलावाच्या पाळीवरूनच, त्या बांधावरूनच, स्टेशनची पायवाट जाते, हेसुद्धा मला सुचलं नाही.

मी पोचले तेव्हा पाळीवर गाव लोटलं होतं. डोंग्यातून दोघे ढिवर जाळं टाकत होते. पहिल्यांदा नुसता शेवाळाचा गुंता आला. दुसऱ्यांदा काहीतरी जड आलं. ते फाटकं पोतं निघालं, पण ते पाण्याबाहेर येईपर्यंत माझं काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी चिखलात बसले आणि मनात म्हटलं, तुला हवी ना, घे. फक्त जिवंत घे. ती प्रार्थना नव्हती. गळा धरल्यावर माणूस जे कबूल करतं, ते होतं.

काठावर एक म्हातारा उभा होता, अंगात बंडी, खांद्यावर स्वतःचं जाळं. आमच्या गावचा नव्हता. लोक त्यालाही जाळं टाकायला सांगत होते. त्याने ते खाली ठेवलं आणि मला विचारलं, "माय, पोरीनं सकाळी काय काय केलं?" मला ठाऊक नव्हतं. उत्तर रेखाबाईंनी दिलं. "काही नाही जी. माह्या घरून आंब्याचं लोनचं मांगून नेलं, पोळ्यायसंग डब्यात टाकाले."

म्हाताऱ्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मराले जानारी पोरगी लोनचं मांगते का? कायले पान्यात पाहून राहिले? टेसनावर पाहा ना!" आणि जाळं खांद्यावर टाकून तो चालता झाला. शिवी हासडावी तसा बोलला होता. नंतर मी खूप चौकशी केली, पण तो कोण, कुठला, कुणालाच सांगता आलं नाही. मी त्याला देवदूत वगैरे म्हणत नाही. त्याच्या तोंडाला बिडीचा वास येत होता. पण एवढ्या गर्दीत माझ्या मुलीला जिवंत समजणारा तो एकटाच होता.

सकाळच्या गाडीने ती गोंदियाकडे गेल्याचं स्टेशनवर कळलं. संध्याकाळी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून फोन आला. तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आपकी बेटी यहाँ है। लेकिन माँ की मर्ज़ी के बिना हम नहीं रखेंगे। आप बोलिए, कल वापस भेज देंगे।"

म्हणजे दार उघडं होतं. तलावाकाठी मी काय कबूल केलं ते देवाशिवाय कुणीही ऐकलं नव्हतं. मी रोझीला फोनवर बोलवलं.

"आई, आवाज काऊन बसला तुझा?"

"सर्दी झाली," मी म्हटलं. जाळ्याचं सांगितलं नाही. "कालचं माझं बोलणं मनात धरू नको."

ती अगदी लहान आवाजात म्हणाली, "आई, मी परत येऊ का?"

वर्षभर मी याच वाक्यासाठी भांडले होते. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं. "नको," मी म्हटलं. "राहा तिथंच." फोन ठेवला आणि दिवसभर न आलेलं रडू तेव्हा आलं.

पुढच्या रविवारी फादरांनी मिस्सा संपल्यावर ही बातमी सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी माझे हात हातात घेतले. किती सढळ हाताची आई, म्हणाल्या. मी खाली मान घालून उभी राहिले. मी काही दिलं नव्हतं. देवाने माझं एकेक बोट सोडवून तिला काढून घेतलं होतं, आणि नाव मात्र माझं झालं. समर्पण आनंदाने करावं, असं मी मुलांना शिकवत असे. आता सांगते की चिडून, रडत केलेलंही तो घेतो, परत करत नाही. याहून गोड बोलणं मला जमत नाही.

आता रोज संध्याकाळी मी एकटीसाठी भात टाकते आणि मेणबत्ती लावून बसते. मुलगी जिवंत आहे म्हणून आधी त्याचे आभार मानते, मग त्याच्याशी भांडते. आजवर हा क्रम चुकलेला नाही.