मशीन पर्समध्ये, विलासराव समुद्रात: पांढरकवड्याहून अंदमान

अंदमानला जायचं ठरलं ते एका अटीवर. विलासराव म्हणाले, "येतो मी. पण मशीन तुह्या पर्समध्ये राहीन, अन् कोणाले एक शब्द सांगायचा नाही."

मशीन म्हणजे कानाचं. विलासराव, म्हणजे माझा नवरा, आमच्या पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंगमध्ये सव्वीस वर्षं फिटरचं काम करत आले. कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांचा धडधडाट दिवसभर ऐकून ऐकून दोन्ही कान गेले. आता जिनिंगचा फिटर म्हणजे यंत्रांचा डॉक्टर. बेअरिंग जाणार हे त्यानं नुसत्या आवाजावरून सांगायचं असतं. त्यालाच ऐकू येत नाही हे शेठला कळलं, तर ठेवेल कशाला? म्हणून सहा वर्षं हे रेच्यावर तळहात ठेवून त्याचं दुखणं ओळखायचे, मशीन फक्त घरात दार लावून घालायचे, आणि बाहेर मी त्यांचे कान. किराणावाला "साखर किती?" म्हणाला की मी लगेच यांच्या तोंडासमोर जाऊन, "दोन किलो घ्यायची ना हो साखर?" असं विचारायची. कुणाच्या बापाला पत्ता लागला नाही. तेवढा अभिमान मला होता, खोटं कशाला बोलू?

लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि मी हट्टच धरला. आजवर आमचा प्रवास म्हणजे माहूर, नागपूर आणि लोकांची लग्नं. मे महिन्यात जिनिंग बंद असतं, पंचायत समितीतून मला आठवड्याची रजा मिळाली. ज्यांना जायचंय त्यांना सांगते: मेमध्ये खोल्या स्वस्त मिळतात, पण समुद्राचा काही भरवसा नाही. आपल्या भागातून नागपूरला उलटं जायची गरज नाही. हैदराबादचा हमरस्ता आपल्या दारातूनच जातो. सकाळच्या बसनं सहा-सात तासांत हैदराबाद, तिथं मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी थेट पोर्ट ब्लेअरचं विमान. कागदावर त्याचं नाव आता श्री विजयपुरम आहे, पण रिक्षावाले अजून जुनंच नाव घेतात.

विमानतळावरच माझा घाम निघाला. तपासणीला पुरुषांची रांग वेगळी! "बेल्ट निकालिए," तो जवान तीनदा म्हणाला आणि विलासराव त्याच्याकडे पाहून छान हसत राहिले. मी पलीकडच्या रांगेतून स्वतःच्या कमरेला हात लावून खुणा करत होते. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. सुटलो कसेबसे.

पहिल्या संध्याकाळी सेल्युलर जेलचा दृक्‌श्राव्य कार्यक्रम पाहिला. तिकीट आधी काढून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही. तासभर विलासराव ताठ बसून होते, लोकांनी टाळ्या वाजवल्या की तेही वाजवत होते. खोलीवर आल्यावर मशीन घातलं आणि हळूच म्हणाले, "काय सांगत होते वं ते?" मला इतकं वाईट वाटलं! मग मी पलंगावर बसून त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. झोप येईपर्यंत एक एक प्रश्न विचारत होते.

दुसऱ्या दिवशी बोटीनं हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप. दोन-अडीच तास लागतात. सरकारी बोट स्वस्त, पण तिकिटाची मारामार. आम्ही खासगी बोटीनं गेलो. उलटीची गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्या, बोट हलायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही. (हे अनुभवाचे बोल.) राधानगरच्या किनाऱ्यावर पांढरी, मऊ वाळू, पाणी आधी हिरवं आणि मग निळं. विलासराव बराच वेळ नुसते उभे होते. "बाप्पा! हे असं असते तं आपण इतके वर्षं काय करून राह्यलो होतो?" म्हणाले. दुपारी एका झोपडीवजा खानावळीत मासळीचं ताट घेतलं. मोहरीच्या रश्श्यातला मासा आमच्या तोंडाला मिळमिळीत लागला, म्हणून घरून नेलेली तिखटाची पुडी काढली. तो दिवस खरंच सुखाचा गेला.

तिसरा दिवस एलिफंट बीचचा. जाऊन-येऊन बोटीचे माणशी हजाराच्या आसपास आणि त्यात थोडंसं स्नॉर्केलिंग, म्हणजे काच लावून, तोंडात नळी धरून, पाण्यावर पालथं तरंगत खालचं जग पाहायचं. जरा जास्त पैसे दिले की छोट्या बोटीनं पुढच्या प्रवाळांपर्यंत नेतात. मीच म्हटलं, एवढे आलो आहोत तर पुढचं घेऊ.

आधी एक फॉर्म भरावा लागतो. हृदयविकार आहे का, दमा आहे का, कानाचा काही त्रास? माझं सगळं आयुष्य लोकांचे फॉर्म तपासण्यात गेलं. एक रकाना कोरा दिसला तर मी माणसाला पार त्याच्या गावापर्यंत परत पाठवते. आणि तिथं विलासरावांच्या फॉर्मवर, कानासमोर, मी स्वतःच्या हातानं "नाही" लिहिलं.

बोटीत आम्ही दोघं, नाशिकचं एक नवं जोडपं, बोट चालवणारा आणि रतन नावाचा चाळिशीतला गाइड. रतननं समजावलं, "एक लंबी सीटी, मतलब सब वापस." मी यांच्यासमोर तेच पुन्हा बोलले. विलासरावांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. मला वाटलं, मी बाजूला आहेच की.

पण मी कुठली बाजूला राहते! नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, दहाव्या मिनिटाला रतननं मला परत बोटीत चढवलं आणि तोही वर आला. हे मात्र विहिरीत पोहायला शिकलेले. गाइडचा हात कधीच सोडून दिला होता. पाठीवरचं नारिंगी लाइफ जॅकेट तेवढं दिसत होतं. मग वारा सुटला. रतननं पाण्याकडे पाहिलं आणि शिट्टी वाजवली. नाशिकचं जोडपं मुकाट्यानं परत आलं. नारिंगी जॅकेट लांब लांब चाललं होतं.

"सर सुन क्यों नहीं रहे?" रतननं विचारलं.

आणि मी काय म्हटलं असेल? "मस्ती करते हैं, आ जाएंगे." हसूनसुद्धा दाखवलं.

दुसरी शिट्टी. तिसरी. पाणी त्यांना बाहेर ओढत होतं, दोरीला बांधलेल्या लाल डब्यांच्या रांगेकडे. तिच्या पलीकडून वेगानं बोटी जात-येत होत्या, आणि किनाऱ्याकडून एक भरलेली बोट निघालेली मला दिसत होती. तेवढ्यात विलासरावांनी डोकं वर काढलं. मी उभी राहून दोन्ही हात हलवले, जीव खाऊन ओरडले. त्यांनी पाहिलं. त्यांनीही हात हलवला, लग्नात वरातीतल्या ओळखीच्याला हलवतात तसा, आणि पुन्हा डोकं पाण्यात घातलं.

सहा वर्षं जे शेठला, शेजाऱ्यांना, सख्ख्या दिराला सांगितलं नाही, ते मी चार परक्या माणसांसमोर ओरडून सांगितलं. "सुनाई नहीं देता उनको! भैया, कुछ भी नहीं सुनते वो!"

रतननं माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. त्यानं सरळ उडी मारली. बोटवाला पिवळं फडकं हलवत समोरच्या बोटीला ओरडत होता. ती बोट जवळ येत होती, येतच होती, मग एकदम वाकडी झाली आणि तिची लाट नारिंगी जॅकेटावरून गेली. काहीच दिसेना. ना रतन, ना हे. नाशिकच्या पोरीनं माझा दंड घट्ट धरला होता. मग दोन डोकी वर आली.

बोटीत चढले तेव्हा विलासरावांच्या तोंडावर हसू होतं. "कासव पायलं! एवढं मोठं! त्याच्याच मागं गेलतो!" मग त्यांनी आमचे चेहरे पाहिले. नाशिकची पोरगी रडत होती. रतननं आपल्या दोन्ही कानांना हात लावला, "नाही" म्हणून बोटं हलवली आणि हळूहळू, तोंड मोठं करून विचारलं, "पहले क्यों नहीं बताया, सर?"

विलासराव माझ्याकडे वळले. "सांगतलं तू?"

हे मेले असते, त्याचं काही नाही. मी सांगितलं, याचा राग! त्यानंतर दीड दिवस आमच्यात एक शब्द नाही. नील बेट, म्हणजे शहीद द्वीप, छोटंसं आणि शांत आहे. रिक्षा करून दिवसभरात सगळं होतं. ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या, तरच दगडाच्या नैसर्गिक कमानीपर्यंत खडकांवरून जाता येतं. आम्ही गेलो, दहा पावलांचं अंतर ठेवून. रिक्षावाल्यानं फोटो काढायला जवळ उभं केलं, तर हे दुसरीकडे पाहत होते. तो फोटो मी इथं टाकणार नाही.

कमानीखाली माझा बांध फुटला. पर्समधून मशीन काढलं आणि यांच्या तळहातावर ठेवलं. "घाला. मले बोलायचं आहे, अन् तुम्हाले ऐकाच लागते."

आजूबाजूला माणसं होती. यांनी इकडे-तिकडे पाहिलं. मग घातलं.

"तुम्ही सांगतल्याचा राग धरून बसले," मी म्हटलं. "मी तं पहिले सांगतलंच नव्हतं. तो शिट्ट्या मारून राह्यला होता अन् मी म्हणलं, मस्ती करून राह्यले. दोन मिनिटं, अहो! दोन मिनिटं मी तुमची इज्जत सांभाळत बसली, अन् तुम्ही तिकडे मरायले चालले होते. तुम्ही गेले असते तं कोणाले तोंड दाखवलं असतं मी? आजपासून मी तुमच्यासाठी खोटं बोलणार नाही. घरी नाही, गावात नाही, कोठीच नाही."

ते पाण्याकडे पाहत म्हणाले, "शेठ काढून टाकीन मले."

"काढू द्या."

"तुले सोपं आहे म्हणणं," ते म्हणाले आणि पुढे चालायला लागले. पण मशीन काढलं नाही.

परतीचा प्रवास तसाच, कमी बोलून झाला. घरी आलो, पावसाळा गेला, दिवाळी झाली. मी विषय काढला नाही. काढला तर माझाच धीर सुटला असता, कारण आमचं घर अर्ध्यावर यांच्याच पगारावर चालतं. किराणावाल्याकडे मात्र मी गप्प उभी राहायला लागले. त्यानं दोनदा विचारलं की विलासराव माझ्याकडे पाहायचे, मी डाळींकडे. मग ते स्वतःच चिडून म्हणायचे, "काय म्हणलं? जोरानं बोला ना."

जिनिंग सुरू व्हायच्या दिवशी हे सकाळी निघाले तेव्हा मशीन कानात होतं. ऑफिसात माझं कशात लक्ष लागेना. एकाच अर्जावर दोनदा शिक्का मारला. दुपारी घरी आले तर हे आधीच येऊन ओट्यावर बसलेले.

"काढलं का?" मी विचारलं.

"रेच्यावरून काढलं. वजनकाट्यावर बसवलं. पगार कमी केला." मग म्हणाले, "सव्वीस वर्षं हात होता त्याच्यावर. आता तो नवा पोट्टा लावन हात."

हे माझ्यामुळेच झालं, असं वाटलं.

"त्या बोटीत सांगायले तुले दोन मिनिटं लागले," विलासराव म्हणाले. "मले आज दोन तास लागले. शेठच्या दारापुढे नुसता उभा होतो. मंग समजलं, तुह्यावर काय बीतली असन."

मी पदर डोळ्याला लावला. ते उठले आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. "रडू नको. जेवाले वाढ. दोन वाजता काट्यावर जा लागते."