माणसं कमी पडणारं शहर

आम्ही कुठे राहतो हे सांगितलं की अमेरिकेतली मराठी माणसं क्षणभर थांबतात. "अच्छा, तिकडे!" म्हणतात, आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "स्नो खूप पडतो ना?" प्लेनो किंवा अ‍ॅशबर्न अशी मराठी वस्तीची गावं सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न शाळांचा किंवा घरांचा असतो. आम्हाला मात्र स्नो.

आमचं शहर उत्तरेला, एका मोठ्या तळ्याच्या काठी आहे. तळं म्हणायचं एवढंच, पलीकडचा किनारा दिसत नाही. एके काळी इथे पोलाद बनायचं. आता कारखाने बंद आहेत, धुराडी उभी आहेत. माझ्या सासूबाई सोलापूरहून पहिल्यांदा आल्या तेव्हा विमानतळावरून घरी येताना त्यांनी ती धुराडी पाहिली आणि म्हणाल्या, "म्हणजे गिरणगावच की! बंद कधी पडल्या?" तेवढ्याच एका गोष्टीची त्यांना त्या दिवशी ओळख पटली.

मी याद्या करणारी बाई आहे. घरातल्या कुठल्याही मोठ्या प्रश्नाचे मी कागदावर दोन रकाने करते आणि तो कागद फ्रिजवर लावते. त्यामुळे मागच्या जानेवारीत नवऱ्याने जेवताना सांगितलं, "प्लेनोच्या ऑफिसमधून ऑफर आलीय, फेब्रुवारीअखेरीपर्यंत कळवायचंय," तेव्हा मी ताटं आवरून आधी पट्टी आणि पेन शोधलं.

आमच्या शहराचे तोटे आधी लिहिले, कारण ते चटकन आठवतात. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत आभाळ पातेल्यावरच्या झाकणासारखं असतं. रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीचा खालचा पत्रा खातं. भारतात काय, शेजारच्या बऱ्याच राज्यांतही थेट विमान जात नाही. इंडियन ग्रोसरीचं दुकान एकच. तिथे मेथी गुरुवारी येते, शनिवारी गेलं तर देठ मिळतात. मुख्य रस्त्यावरच्या कितीतरी दुकानांच्या काचांच्या जागी लाकडी फळ्या आहेत. इथली मुलं कॉलेजला बाहेर जातात ती परत येत नाहीत.

फायद्यांचा रकाना हळूहळू भरला, पण खाली खूप लांबला. शहर श्रीमंत असताना त्याने स्वतःसाठी सगळं दणकट करून ठेवलं: म्युझियम, बागा, वाचनालयं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी झाडं. ते सगळं अजून आहे, गर्दी तेवढी गेली. आमचं घर जुनं, लाकडी, पुढे पोर्च आणि पोर्चपुढे फुटपाथ. शाळा, वाचनालय, बेकरी सगळं पायी. उन्हाळ्यात इथल्या पीचला जो वास असतो तो मी दुसरीकडे कुठे घेतलेला नाही. आणि बर्फ पडला की आमच्या ओळीत जो आधी उठतो तो मशिन काढून सगळ्यांचाच फुटपाथ साफ करतो. यासाठी कुणी मीटिंग घेतलेली नाही.

एक फायदा लिहायला शब्द सापडत नव्हते. शेवटी लिहिलं, "माणसं कमी." खरं तर तो तोटाच. पण माणसं कमी असली की आलेल्या प्रत्येकाला काम मिळतं. आमच्याकडे गणपतीला ज्याला आरत्या येतात तो गुरुजी, आणि ज्याला काहीच येत नाही तो खजिनदार. मोठ्या शहरांतल्या मैत्रिणी सांगतात की त्यांची मंडळं फुटली. फुटायलाही माणसं लागतात. आमच्यात दोन गट पडले तर एकाकडे तबला राहील आणि दुसऱ्याकडे मोदकांचा साचा. म्हणून आम्ही भांडतो आणि पुन्हा एकाच गाडीतून घरी येतो.

दोन्ही रकाने भरल्यावर तोट्यांच्या, म्हणजे प्लेनोच्या, बाजूला मी एकच ओळ जाड अक्षरांत लिहिली: "आईंना सोबत."

खरा प्रश्न तोच होता. सासरे गेल्यावर आम्ही सासूबाईंना कायमचं इकडे आणलं. त्यांचा पहिला हिवाळा रेडिएटरला पाठ लावून गेला. तेव्हा एकदा त्या म्हणाल्या होत्या, "मला परत पाठवा. फ्लॅट आहे, शेजार आहे, राहीन एकटी." नवरा त्या रात्री धड जेवला नव्हता. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, पण आमच्या मनातून तो गेला नाही. प्लेनोत माझी नागपूरची जुनी मैत्रीण राहते. तिच्या सासूबाईंच्या वयाच्या कितीतरी मराठी बायका तिथे आहेत, भजनी मंडळ आहे, थंडी नाही. आईंना अमेरिकेत ठेवायचं असेल तर प्लेनोलाच जायला हवं, असं आम्ही दोघं धरून चाललो.

या यादीत मी एक गोष्ट घेतलीच नव्हती, कारण ती मला गंमत वाटत होती. आमच्या कोपऱ्यावरच्या प्राथमिक शाळेपाशी हातात 'स्टॉप'ची पाटी घेऊन मुलांना रस्ता ओलांडून देणारे एक आजोबा होते. शाळा सुरू झाल्या झाल्या त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. नवा क्रॉसिंग गार्ड मिळेपर्यंत कुणी उभं राहील का, अशी चिठ्ठी शाळेने घरोघरी पाठवली. सासूबाईंनी ती माझ्या मुलीकडून वाचून घेतली आणि म्हणाल्या, "मी राहते उभी."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. सोलापुरात त्यांनी नगरपालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग आयुष्यभर सांभाळले होते.

"आई, इंग्लिश बोलावं लागेल," नवरा म्हणाला.

"पाटीवर लिहिलेलं आहे ना 'स्टॉप'? मग मी कशाला बोलू?"

ग्रीन कार्ड असल्याने कागदपत्रांची अडचण आली नाही. एका दुपारी पोलिसांकडच्या बाईंनी शिकवलं. मोठ्या, मानाच्या गावात कदाचित या कामालाही अर्जांची रांग लागली असती. इथे त्या एकट्याच उमेदवार होत्या. नऊवारी त्या कधीच नेसत नसत, पण पाचवारीही कपाटात गेली. सलवारीवर माझी जुनी स्नो पँट, वर झगमगीत पिवळं जाकीट, हातात लाल पाटी, अशा त्या सकाळी आणि दुपारी कोपऱ्यावर उभ्या राहू लागल्या. आजोबांचा गुडघा बरा झाला, पण ते परत आले नाहीत. नवं कुणी मिळालं नाही. मुलं सासूबाईंना "मिस आजी" म्हणायला लागली. माझी मुलगी त्या शाळेतून कधीच पुढे गेलेली, तरी मुद्दाम त्या रस्त्याने जायची.

फेब्रुवारीत शाळेला सुट्टी पडल्यावर आम्ही चौघं प्लेनो पाहायला गेलो. मैत्रिणीने मनापासून सगळं केलं. घर एवढं मोठं, की पहिल्या दिवशी मला बाथरूममधून खोलीकडे परत येताना वाट चुकली. ऊन होतं. शेजारी मराठी, समोर मराठी. "यार, तुम्ही तिकडे सहन तरी कसं करता?" मैत्रीण विचारायची. "इथे ये, दोन महिन्यांत विसरशील बर्फाचं फावडं."

भजनाला आम्ही गेलो. सासूबाईंचं स्वागत झालं, फराळ झाला, कुणाची तरी सोलापूरची ओळख निघाली. त्या छान बोलल्या. घरी आल्यावर मात्र उन्हात खिडकीपाशी जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशीही तिथेच. आम्हाला वाटलं, मन रमलंय.

शेवटच्या सकाळी मी चहा करत होते. बाहेर ओट्यावर सासूबाई आणि मैत्रिणीच्या सासूबाई बसल्या होत्या. काच उघडी होती.

"तुम्ही एकट्या कुठे जाता हो?" आमच्या आईंनी विचारलं.

"एकटी? गॅरेजपर्यंत."

"आणि भजनाला?"

"मुलगा सोडतो. त्याची मीटिंग असली तर सून. तिचीही असली तर भजन पुढच्या आठवड्यात. देव कुठे पळून जातोय?"

दोघी हसल्या. मग आमच्या आई म्हणाल्या, "मला सोमवारी ड्युटी आहे."

परतीच्या वाटेवर विमान बदलायचं होतं, आणि बर्फामुळे पुढचं विमान रखडलं. नवरा लॅपटॉप उघडून बसला होता. त्याने विचारलं, "आई, सांग ना, आवडलं का प्लेनो? तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं."

सासूबाईंनी पर्स मांडीवर सरळ केली. "माझ्यासाठी? मला वाटलं, तुम्हाला हवंय. म्हणून मी मनाशी ठरवून टाकलं होतं."

"काय ठरवलं?"

"तुम्ही खुशाल प्लेनोला जा. मी सोलापूरला जाते. प्लेनोत मोठ्या घरात पाहुण्यासारखं बसून कुणाची मीटिंग संपतेय याची वाट बघायची, ते मला जमणार नाही. राग नाही हं माझा. माणसं चांगली आहेत ती."

नवऱ्याचा चेहरा पडला. ज्यासाठी हे सगळं चाललं होतं तेच हातातून निसटत होतं. मीच विचारलं, "आणि आई, आपण आहोत तिथेच राहिलो तर?"

"तर काय? विचारायचं काय त्यात?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तुझ्या त्या कागदावर मला प्लेनोच्या बाजूला घातलंयस ना? रोज चहा घेताना बघते मी फ्रिजवर. मला वाटलं, हिने ठरवलंच आहे, आता कशाला मधे बोला."

माझी मुलगी हेडफोन काढून म्हणाली, "ममा, आय टोल्ड यू. आजी हॅज अ जॉब."

तिने खरंच सांगितलं होतं. आम्ही जॉब हा शब्द फक्त नवऱ्यासाठी वापरत होतो.

प्लेनो सोडणं फुकट नव्हतं. ती बढती होती, आणि नवऱ्याच्या इथल्या ऑफिसात वर जायला जागा नाही. तेही माणसं कमी असण्याचंच एक रूप. विमानतळावर तो बराच वेळ काचेबाहेर बर्फ काढणाऱ्या गाड्या बघत राहिला. मग म्हणाला, "आपल्या ओळीतला फुटपाथ कुणी साफ केला असेल?" तेव्हा मला कळलं की त्याचं ठरलं आहे.

विमान उशिरा का होईना, रविवारी सुटलं. घरी पोचलो तेव्हा ओळीतला फुटपाथ साफ होता, आमच्याही दारापुढचा.

सोमवारी सकाळी नवऱ्याची गाडी बॅटरी थकल्यामुळे सुरूच होईना, म्हणून माझ्या गाडीतून मी त्याला सोडायला निघाले. त्याला ऑफिसात पोचून नकार कळवायचा होता आणि तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. कोपऱ्यावर सासूबाईंनी लाल पाटी वर केली. आम्ही थांबलो. त्यांनी गाडी ओळखली असणारच, पण तसं दाखवलं नाही. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून त्या मुलांना हाताने पुढे घेत होत्या. एका लहान मुलीचा बूट बर्फाच्या चिखलात अडकला, तर तिचा बूट निघून ती पलीकडे पोचेपर्यंत त्यांनी गाड्यांची सगळी रांग थांबवून ठेवली. आमच्या मागच्या ट्रकवाल्यानेही हॉर्न वाजवला नाही.

नवऱ्याने काच खाली करून हाक मारली, "आई, उशीर होतोय गं!"

"मुलं झाली की सोडते," त्या पाटी न हलवता म्हणाल्या, आणि आणखी दोघांना पलीकडे नेऊन मगच त्यांनी आम्हाला हाताने पुढे काढलं.

गाडी त्यांच्या शेजारून गेली तेव्हा त्यांचा हातमोजा दिसला. पाटीचा दांडा धरून धरून अंगठ्यापाशी उसवला होता. संध्याकाळी मी फ्रिजवरचा जुना कागद काढला आणि नवा लावला. त्यावर रकाने नव्हते, फक्त बाजाराची यादी: कांदे, गाडीची बॅटरी, आईंना चांगले हातमोजे.