त्या रविवारची साक्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. कौतुक करणाऱ्यांपुढे तोंड उघडत नाही हो माझं.

आणि कौतुक फार झालं. कल्याणच्या दवाखान्यात मलमपट्टी करत आयुष्य गेलं, ते आनंदात गेलं, हे आधीच सांगून टाकते. सकाळी ठाण्याहून निघताना कधी कंटाळा आला नाही. आपला हात लागला आणि समोरच्याचं कण्हणं थांबलं — याहून मोठं देणं प्रभूनं कुणाला काय द्यावं? माझ्यासारख्या नखरेल मुलीला ते मिळालं. पण कसं मिळालं, तिथंच तर गोम आहे.

फाळणीनंतर कल्याणजवळ निर्वासितांची छावणी पडली होती. ठाण्याच्या आमच्या चर्चमधल्या बायका तिथे दूध, कपडे, औषधं घेऊन जायच्या. मी बावीस वर्षांची, मास्तरांची लेक — इस्त्रीचं पातळ नेसून जायची. बरोबर सगुणाबाई असायच्या. विधवा, पदरात एक मुलगी. चर्चची झाडलोट करायच्या, नौपाड्यात चार घरची भांडी घासायच्या.

एका बराकीत एक सिंधी आजी पडून होती. पायाला जखम, तिच्यात अळ्या. छावणीच्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या बराकीकडे निघालेल्या. मला म्हणाल्या, जखम धुऊन ठेव. मी फडकं उचललं आणि — काय केलं असेल? पळाले. नळापाशी जाऊन ओकले. परत आले तर सगुणाबाईंनी आजीचा पाय मांडीवर घेतलेला. एकेक अळी काढत होत्या आणि बोलत होत्या, त्या मराठीत, आजी तिच्या भाषेत. पट्टी बांधून होईपर्यंत मी दारातच.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा सगुणाबाई घाण पाणी टाकायला गेल्या होत्या. पट्टी बघून बाईंनी माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली.

ते एक वेळ सोडून द्या. पण रविवारी? आमच्यात उपासनेत साक्ष द्यायची रीत — प्रभूनं आठवड्यात आपल्यासाठी काय केलं, ते उठून मंडळीला सांगायचं. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. आजीचा पाय मी मांडीवर घेतला, अळ्या मी काढल्या, प्रभूनं माझी किळस घालवली — सगळं सांगितलं! बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझे वडील रडले. सगुणाबाई मागच्या ओळीत बसून ऐकत होत्या.

कल्याणच्या त्या दवाखान्यात तेव्हा मलमपट्टीला एक बाई ठेवायची होती. शिक्षणाची अट नव्हती. सगुणाबाईंची त्या कामावर आशा होती, मुलीची शाळा चालू राहिली असती. हे मला ठाऊक होतं. पाळकसाहेबांनी त्याच दिवशी माझं नाव सुचवलं, आणि मी हो म्हटलं.

उपासना संपल्यावर सगळ्यांना आमच्या रीतीचा सलाम करत बाहेर पडले, तर सगुणाबाई चर्चच्या पायरीवर थांबलेल्या. वाटलं, आता काढतात वाभाडे. पण त्या हळूच म्हणाल्या, “ताई, उद्या माझ्यासंगं छावणीत चला. कसं धुवायचं ते दावते. दवाखान्यात हात थरथराया नकोत.”

गेले. महिनाभर गेले. पाणी कोमट घ्यायचं, आधी माणसाशी बोलायचं, मग जखमेकडे बघायचं — सगळं त्यांनी शिकवलं. केव्हातरी किळस गेली, आणि एका दुपारी कळलं की मला जन्मभर हेच करायचंय. प्रभूची हाक म्हणतात ना, ती मला सगुणाबाईंच्या आवाजात आली. रोजच्या प्रार्थनेत त्यांच्यासाठी आभार मानते. त्यांच्या मुलीची शाळा त्याच वर्षी सुटली. तीही भांडी घासायला लागली.

दहाएक वर्षांनी सगुणाबाई गेल्या. दफनाआधी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, बाईंबद्दल दोन शब्द कोण सांगेल? सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांची मुलगीसुद्धा. मी उठले.

म्हटलं, “बाई फार कष्टाळू होत्या. चर्च अगदी लख्ख ठेवायच्या.”

आणि खाली बसले.