टोपी जमा नाही

"टोपी उतारो. बेल्ट उतारो."

दारावरचा हवालदार म्हणाला. ओरडून नाही, आत ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. मी टोपी काढून त्याच्या हातात दिली. पट्टा सोडून स्टुलावर ठेवला. पट्टा गेला की पँट सैल होते, ती डाव्या हातानं धरावी लागते. तशीच, पँट धरून, लेफ्ट-राईट करत मला आत नेलं.

आत टेबलामागं कर्नलसाहेब. त्यांच्या उजव्या हाताला खुर्चीत मेजर. मेजरच्या डोक्यावर टोपी, कमरेला पट्टा, समोर चहाचा कप.

तक्रार मी केली होती. मेजरवर केली होती. हे आधीच सांगते, कारण त्या खोलीत नुसतं डोकावून बघणाऱ्याला गुन्हेगार मीच वाटले असते.

तेव्हा मी कोल्हापुरात कॉलेजात होते. दुसरं वर्ष संपलेलं. कसबा बावड्यात मावशीकडं राहायचे, गाव गारगोटीकडचं. आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मला अधिकारी व्हायचं होतं. पोरींनाही आता फौजेत अधिकारी घेतात हे पेपरात वाचल्यापासून डोक्यात दुसरं काही नव्हतं. म्हणून एनसीसी. तिसऱ्या वर्षी सी सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची, ते घेऊन मुलाखतीला उभं राहायचं. माझ्यासारखीला दुसरी शिडी नव्हती. आणि आमच्या ट्रेनिंगचा मुख्य हा मेजर होता. शिडी त्याच्या हातात.

कॅम्प उन्हाळ्यात होता, गगनबावड्याच्या वाटेला. फायरिंगचा दिवस. पालथं पडून रायफल खांद्याला लावायची, पाच गोळ्या मारायच्या. माझा नेम चांगला होता. पाची गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ बसायच्या.

मी पडले. रायफल भरली. मेजर शेजारी गुडघ्यावर बसला. "पोझिशन ठीक करता हूँ" म्हणाला. एक हात पाठीवर ठेवला. मग पाठीवरून खाली नेला. तिथंच ठेवला. पोझिशन ठीक होती. गेली दोन वर्षं ठीक होती.

तुम्ही म्हणाल, उठली का नाही? फायरिंगच्या जागेवर नियम असतो. भरलेली रायफल हातात असताना हुकमाशिवाय हलायचं नाही, मान वळवायची नाही, उठायचं तर नाहीच. हा नियम पहिल्या दिवशी शिकवतात. आम्हाला त्यानंच शिकवला होता. त्यानं हात लावायला जागा निवडली ती ही. जिथं पोरगी हलूच शकत नाही.

मी पाच गोळ्या मारल्या. दात आवळून मारल्या. पाची लागल्या.

रात्री तंबूत आणखी दोघी म्हणाल्या, आमच्याशी पण. अर्जावर सही करायची वेळ आली तेव्हा दोघींच्या घरची लग्नाची बोलणी मध्ये आली. त्यांना मी दोष देत नाही. ज्या व्यवस्थेत पोरीच्या सहीनं पोरीचंच लग्न मोडतं, तिला देते.

अर्ज कॉलेजच्या एनसीसीच्या बाईंकडं दिला. बाई वाचता वाचता उभ्या राहिल्या, दार लावून आल्या.

"अगं, शिकवताना हात लागतो. एवढं काय?"

"लागला न्हाय बाई. ठेवला."

"आणि वेळ तरी कुठली बघितलीस? तिकडं पोरं मरायला लागलीत, आणि तू फौजेची अब्रू काढायला निघालीस?"

एकोणीसशे नव्व्याण्णवचा उन्हाळा होता तो. सीमेवर लढाई पेटलेली. चौकाचौकात फलक, वर्गणीचे डबे, भारतमाता की जय. मीही घसा बसेपर्यंत ओरडले होते. मरणारी पोरं आमच्या तालुक्यांतलीच होती, आमच्याच जातीगोतांतली. एकाची पेटी शेजारच्या गावात आली तेव्हा मी गणवेश घालून रांगेत उभी होते. त्या पेटीआड हा माणूस लपत होता. अब्रू कोण काढत होतं?

बाईंनी अर्ज पुढं पाठवला, "योग्य मार्गाने". योग्य मार्ग मेजरच्या टेबलावरून जात होता. पहिला वाचणारा तोच.

आणि मग चौकशीचं बोलावणं, कर्नलसाहेबांच्या ऑफिसचं ते दार. टोपी. पट्टा.

त्या पहिल्या दिवशी कर्नलसाहेबांनी माझं टार्गेट मागवून घेतलं होतं. ज्या कागदावर मी गोळ्या मारल्या तो कागद. त्यांनी तो उजेडात धरला. भोकांतून उजेड आला.

"ये तुम्हारी फायरिंग है?"

"येस सर."

"डरी हुई लड़की ऐसे मारती है?"

मेजर हसला. आवाज न करता. मी तशीच उभी. एक हात पँटला, डोकं उघडं. फौजेत उघड्या डोक्यानं सॅल्यूटसुद्धा करत नाहीत. मला सॅल्यूटही न करू देता बाहेर आणलं. पुढची तारीख दिली.

मी गावी गेले. आबांना सगळं सांगितलं. हात कुठं ठेवला तेही. ते भाकरी कुस्करत राहिले. म्हणाले, "फौजेत असलं लिवून देत न्हाईत पोरी. हे घर फौजेनं बांदलंय."

मग मी टोपीचं सांगितलं. त्यांचा हात ताटातच थांबला.

"टोपी कुनाची काढली?"

"माझी."

"आनि त्येची?"

"त्याच्या डोक्यावर."

आबा उठले. ताट तसंच. लहानपणी तेच आम्हाला हसत हसत सांगायचे की साहेबापुढं गुन्हेगार जवान उभा करतात तेव्हा त्याची टोपी आणि पट्टा आधी काढून घेतात. साक्षीदाराची काढत नाहीत. तक्रार करणाऱ्याची तर नाहीच. मी ती गोष्ट कितीदा ऐकली होती. आणि दारात हुकूम झाला तशी काढून दिली. हुकूम आला की हात आपोआप हलतो. दोन वर्षं हेच तर शिकले होते.

ओसरीतून आबा म्हणाले, "परत जाशील तवा टोपी काडू नगंस. काडलीस तर हिकडं येऊ नगंस."

माझे आबा सुधारले असं कुणी वाचू नये. पोरीच्या अंगाला हात लागला तर ते गप्प बसले. टोपीला लागला तेव्हा उठले. हे मी विसरणार नाही. पण मी परत गेले.

दुसऱ्या तारखेला तोच हवालदार, आम्हाला कवायत शिकवणारा उस्ताद.

"टोपी उतारो. बेल्ट उतारो."

"न्हाय."

त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाला. मीही पुन्हा म्हणाले.

"ऑर्डर है, बेटी."

"उस्ताद, इथं टोपी कुणाची काढतात?"

तो बुटांकडं बघायला लागला.

"सांगा की. तुम्हीच शिकवलंय."

"मुल्जिम की," तो हळू म्हणाला.

"मुल्जिम आत खुर्चीत बसलाय. जावा, त्याची काढून आणा. मी थांबते."

तो हलला नाही. मग मीच दार ढकललं. टोपी डोक्यावर, पट्टा कमरेला, दोन्ही हात मोकळे. टेबलासमोर पाय आपटून कर्नलसाहेबांना सॅल्यूट ठोकला. मेजरकडं वळले नाही.

"टोपी किसने पहनने दी?"

"सर, मी तक्रारदार आहे. माझी टोपी निघत नाही."

मेजर म्हणाला, "डिसिप्लिन देखिए सर, इसका."

मी म्हणाले, "डिसिप्लिन होती म्हणून तर त्या दिवशी पडून राहिले. हलले असते तर नियम मोडला म्हणून तुम्हीच मला हाकललं असतं. हलले नाही, तर म्हणता घाबरली नव्हती. मुलीनं करायचं तरी काय ते एकदा सांगा."

कर्नलसाहेबांनी घंटी वाजवली. मी सॅल्यूट केला आणि माझी मी बाहेर आले. मला कुणी लेफ्ट-राईट म्हणायला आलं नाही.

कोर्टानं कामाच्या जागी चौकशी समिती नेमायला सांगितली आहे, असं एका संघटनेच्या ताईंनी दाखवलं. त्यावर उत्तर आलं, कॅडेट ही कर्मचारी नाही. म्हणजे हुकूम पाळायला मी फौजेची, दाद मागायला कुणाचीच नाही. पुढं निकाल आला. तक्रारीत तथ्य आढळले नाही. कॅडेटने वरिष्ठांसमोर शिस्तभंग केला. नाव कमी करण्यात येत आहे. गणवेश जमा करावा.

नाव गेलं तशी परीक्षा गेली, मुलाखत गेली. अधिकारी व्हायचं तिथंच संपलं. मेजरची बदली झाली, ती व्हायचीच होती. निरोपाला हार घातले म्हणे.

मी त्याच ताईंबरोबर कामाला लागले. पत्रकं लिहायची, छापून आणायची, बसस्टँडवर वाटायची. कारखान्यातल्या, दवाखान्यातल्या, शाळेतल्या बाया येतात. अर्ज द्यायला त्यांच्याबरोबर मी जाते. आत बाईला उभी ठेवतात आणि साहेबाला खुर्ची देतात, तेव्हा मी पहिल्यांदा तिच्यासाठी खुर्ची मागते. मिळेपर्यंत एक शब्द बोलू देत नाही.

गणवेश मी जमा केला. शर्ट दिला, पँट दिली, बूट पॉलिश करून दिले. पट्टाही दिला. टोपी दिली नाही.

तेव्हापासून पत्रं येतात. सरकारी मालमत्ता, टोपी एक, जमा नाही, त्वरित जमा करावी. मागच्या महिन्यात शिपाई घरापर्यंत आला. मावशी घाबरून म्हणाली, "दे की गं बाई, टोपीच हाय."

शिपायाला मी पाणी दिलं. त्याचा दोष नाही. निरोप मात्र त्याच्याकडून पाठवला, आणि तोच या पत्रकात छापते, म्हणजे पोहोचला नाही असं कुणी म्हणणार नाही.

टोपी माझ्याकडं आहे. धुऊन, बिल्ला घासून ठेवली आहे. जो खुर्चीत बसला होता त्याला त्याच दारात उभा करा. त्याची टोपी काढा, पट्टा काढा, पँट धरून आत चालवा. मी समोर उभी असेन, टोपी घालून. ते झालं की माझी टोपी न्यायला या.

तोवर मिळणार नाही.