शेवटची दहा मिनिटं

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही, आणि तिला तर मी साखरेच्या दुखण्यात चोरून खाल्लेला प्रत्येक पेढा माहीत असतो. तुम्हाला मात्र सांगतो.

येरमाळ्याच्या अलीकडं, हायवेला लागून माझी खव्याची भट्टी आहे. आमच्या धंद्यात माणूस टिकत नाही. चार महिने झाले की कुणी पुण्याला जातं, कुणी शेजारच्या भट्टीवर. माझ्याकडं मात्र शमीम अकरा वर्षं टिकली. लोक विचारायचे, कसं काय जमतं हो अण्णा? मी ऐटीत सांगायचो, घरच्यासारखं वागवतो. खोटं होतं का ते? तिच्या पोरीच्या लग्नात मी स्वतः पंगतीत वाढलंय. खोटं नव्हतं. पण ती टिकण्याचं कारण ते नव्हतं —

थांबा, आधी खव्याचं सांगतो. दूध आटवणं कुणालाही जमतं. जाळासमोर बसा, उलथणं फिरवत राहा, बुडाला लागू देऊ नका. खरं कसब शेवटच्या दहा मिनिटांत. कढई नेमकी केव्हा उतरवायची? जरा आधी उतरवली तर खवा चिकट, जरा उशीर झाला तर करपट.

आणि नेमकं तेव्हाच मी शमीमला उठवायचो. जा, कॅन धुऊन आण. जा, पत्र्यामागं लाकडं बघ. रोज. अकरा वर्षं. का, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्याला कढई उतरवता येते, तो दुसऱ्याच्या भट्टीवर कशाला राहील?

एवढ्यावर भागलं असतं तरी... नाही, सांगूनच टाकतो. एकदा तिनं विचारलं, आज शेवटपर्यंत मी बसू का? मी म्हणालो, तुझ्या हाताला तो गुणच नाही. तिचा हात मी त्या कामात कधी बघितला होता? एकदाही नाही. नवऱ्यामागं एकटीनं पोर वाढवलेल्या बाईला मी हे तोंडावर म्हणालो, आणि वर निवांत चहा प्यायलो. ती कॅन उचलून गेली.

मग गेल्या साली येडेश्वरीची यात्रा तोंडावर आली. माझ्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, बायको नको म्हणत असताना मी भट्टीवर बसलेलो. कढई शेवटाला आली आणि धुरात मला काही म्हणजे काही दिसेना. शमीम कॅन घेऊन परतली, बघितलं, आणि माझ्या हातातून उलथणं काढून घेतलं.

“सरका, अण्णा.”

तिनं कढईत बघितलंसुद्धा नाही. कान देऊन बसली. आणि एकदम कढई उतरवली! तसा खवा, खरं सांगतो, माझ्या हातून उभ्या जन्मात झाला नाही.

“आवाज बदलतो, अण्णा. पत्र्याआडून लई वर्सं ऐकलाय म्या.”

मला लाज वाटली का? वाटली, पण नंतर. आधी आनंद झाला. नुसता आनंद! मी एवढी वर्षं दार लावून बसलो होतो आणि ही बाई केव्हाच आत आली होती.

दोन महिन्यांत ती गेली. आता हायवेच्या पलीकडं तिची स्वतःची भट्टी आहे. यंदाच्या यात्रेत तिचे पेढे दुपारच्या आत संपले. रांगेत मीही होतो आणि मला मिळाले नाहीत. असं रिकाम्या हातानं परतताना एवढं खुश झालेलं गिऱ्हाईक तिनं बघितलं नसेल. तिच्याकडं पाच बाया आहेत. पहिल्याच दिवशी ती त्यांना शेवटची दहा मिनिटं कढईपुढं बसवते. अजून एकही सोडून गेलेली नाही.

कुणी विचारलं, कुठं शिकलात, की ती रस्त्यापलीकडं माझ्याकडं बोट दाखवते. “अण्णांच्या हाताखाली.” लोक मला हात जोडतात. मी मान डोलावतो — अजूनही.

मी तिला शिकवलं नाही. मी तिला रोज उठवलं. ती पत्र्याआड उभी राहून, स्वतःच्या कानानं शिकली.