अर्बाबचं लाडकं पिस्तूल

जत्रेत छऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडणाऱ्यांकडे आम्ही भावंडं नुसती बघत राहायचो. आईच्या मजुरीत ती चैन बसत नव्हती. पुढे घरातला पहिला पदवीधर झालो आणि मस्कतला नोकरीला लागलो.

इथला आमचा अर्बाब, म्हणजे मालक, मला हौसेनं शूटिंग रेंजवर नेतो. त्याचं पॉइंट टू-टूचं पिस्तूल भारी नखरेल. स्वस्त काडतूस घातलं की अडकून बसतं. नेम चुकला की अर्बाब आधी काडतुसाला, मग वाऱ्याला, शेवटी मला शिव्या घालतो.

परवा वैतागून म्हणाला, "यल्ला, चल, तू मार!"

मी मारली. गोळी बरोब्बर मधोमध!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो निशाण्याचा कागद फ्रेम होऊन त्याच्याच खुर्चीमागे टांगलेला. मी बघतोय म्हटल्यावर गडी म्हणतो, "पिस्तूल मेरा, गोली मेरा, तो निशाना किसका?"

"आपका, अर्बाब."

रात्री आईला मात्र फोन करून सांगितलं, "आई, फुगा फोडला."