मदिनत अश शमालला नेलेला कोयता

गुरुवार, १० फेब्रुवारी २००५. आजचं काम एकच: बॅग विमानाच्या वजनात बसवणे. रत्नागिरीहून कुणी दोह्याला निघालं की अख्ख्या आळीला तिकडच्या नातलगांची भूक आठवते. आमसुलं, कुळथाचं पीठ, सुका जवळा. मी ते सगळं बाहेर काढलं आणि जुन्या कोर्टातल्या अर्जांच्या झेरॉक्स आत घातल्या.

शेजारच्या अमिनाखाला बघत होत्या. "बाय, जवळा ने गो. कागद काय इब्राहिम खानार?"

"जवळ्यानं तुमची वाट उघडी राहणार नाही, खाला."

वाट म्हणजे पाखाडी (दगडी पायऱ्यांची उतरण). खालांच्या दारातून ती विहिरीकडे आणि एसटीच्या थांब्याकडे जाते, पण मधे दाऊदचं आवार लागतं. दाऊदचं दुकान कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमालला. तिथून फोन करून त्यानं गवंडी ठरवला होता. उन्हाळ्याआधी आवाराचं फाटक बुजवायचं. मग गुडघे गेलेल्या खालांनी गाडीरस्त्यानं डोंगराला वळसा घालायचा. त्यांचा मुलगा इब्राहिम दोह्यातच, पण दोघांचं बोलणं बंद. मी भावाकडे जाणारच होते, म्हणून हे लचांड माझ्या गळ्यात.

भांडणाचं मूळ एका अर्जात होतं. इब्राहिमच्या पणजोबांनी कोर्टाला लिहून दिलं होतं की दाऊदचा पणजोबा पाणी भरणाऱ्या बायकांवर कोयता घेऊन धावला आणि ते स्वतः आडवे गेले. मी कोर्टात भाषांतराची नोकरी केली. ती सोडल्यावर असे अर्ज जमवून पुस्तक करायला घेतलं आहे. कुणाच्या फणसाची फांदी कुणाच्या कौलांवर, कुणाची शेळी कुणाच्या वालात, जावयानं होडी नेली ती आणलीच नाही. बायका कुठल्या फाटकानं पाण्याला जात, हे गावच्या नकाशात सापडत नाही, या अर्जांत सापडतं. आणि जवळजवळ प्रत्येक अर्जात एक कोयता! कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा कुणीतरी तो प्रत्येकाला चिकटवत असे. 'सदरहू इसम हाती कोयता घेऊन अंगावर धावून आला', पुढे हिंदूला 'ईश्वरकृपेने' आणि मुसलमानाला 'खुदाच्या मेहेरबानीने प्राण बचावले'. कोयता तोच, धाव तीच, फक्त देव बदललेला. हे दाऊदला दाखवलं की काम झालं, असं मला वाटलं.

दोह्यात भाऊ फरीज बिन ओमरानमध्ये राहतो. घरापासून वाण्याचं दुकान हाकेच्या अंतरावर, पण मधला रस्ता खणलेला. शहरात जिथं जावं तिथं खड्डा, लाल-पांढरे अडथळे आणि वळणरस्ता. वळणरस्त्याला पुन्हा वळणरस्ता. भाची मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देई. आठवडाभर मी इब्राहिमची वाट पाहिली. तो रोज फोनवर "इन्शाल्ला, ताई" म्हणे आणि येत नसे.

शेवटी शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर गाडी घेऊन आला. उत्तरेचा रस्ता सरळ, जमीन तव्यासारखी सपाट. डोळ्याला अडायला एक टेकाड नाही. वाटेत टपरीवर कडक (उकळलेला दुधाचा चहा) मिळाला. गोड इतका की पाणी मागावं लागलं.

दुकानासमोर इब्राहिमनं गाडी थांबवली, एसी चालू ठेवला आणि सीट मागे केली. "तुम्ही जा. मी त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाय."

"माझ्या आईची वाट आहे का ती?"

"म्हणून तर तुम्हाला पाठवतोय. माझ्याशी तो भांडेल."

दाऊद पन्नाशीचा, गल्ल्यामागे बसलेला. बाहेर पाहून म्हणाला, "तो गाडीत बसलाय काय? उन्हात?" आणि कामगाराच्या हाती चहा आणि बिस्किटं गाडीकडे धाडली. इब्राहिमनं काच खाली केली, कप घेतला, काच वर केली. चहाशी त्याचं भांडण नव्हतं.

मी अर्ज गल्ल्यावर मांडले. सोनाराचा फणसाचा, भटजींच्या शेळीचा, इब्राहिमच्या पणजोबांचा विहिरीचा. ओळ न् ओळ वाचून दाखवली. "तुमच्या पणजोबांनी कोयता उचललाच नव्हता. पुस्तकात तशी तळटीपही दिली आहे मी."

दाऊदचा चेहरा उजळण्याऐवजी पडला. "उचलला नव्हता?"

"नाही."

"बाई, आमच्या पणजोबाला सगळी वाडी टरकायची. कोयता अजून घरात हाय! भटजीच्या कागदावरून तुम्ही त्याला शेळपट ठरवता?"

आवाज वाढला तसा इब्राहिम रिकामा कप घेऊन दारात आला. मीच त्याला सांगितलं. तो उंबरा ओलांडून थेट आत. "म्हणजे आमचे पणजोबा कोयत्यासमोर उभे राहिले ते खोटं? कोयताच नव्हता तर उभे कशापुढे राहिले?"

"तेच मी इचारतोय!" दाऊद म्हणाला.

"ताई, कागदातलं सगळंच खरं नसतं."

"हेच तर मी मघापासून सांगतेय!" मी ओरडले. कुणी ऐकलं नाही. कोयता किती लांब होता, मूठ कसली होती, यावर दोघांचं एकमत होत होतं. कामगारानं दुसरा चहा आणला. वाटेचं कुणी बोलेना, तेव्हा मीच विचारलं, "फाटक बुजवणार का?"

"फाटकातून विहिरीवर यांच्या बायका आल्या नसत्या तर कोयता निघाला असता काय?" दाऊद म्हणाला. "फाटक हाय म्हणून ती गोष्ट हाय. राहू दे फाटक. पण आमच्या अर्जाखाली ती टीप नको."

"अजिबात नको," इब्राहिम म्हणाला.

दाऊदनं माझ्यासमोर गावाला फोन लावला. "खलास, गवंड्याला नको म्हणून सांग."

रत्नागिरीला पोहोचले त्या संध्याकाळी अमिनाखाला कळशी घेऊन फाटकातून वर येत होत्या, दर पायरीवर थांबत. मी सगळं सांगितलं. "कोयता?" त्या म्हणाल्या. "त्यानं आमी दोन्ही घरचे नारळ सोलायचो. जवळा नेला असतास तर आठवडाभर आधी झालं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तकाची मुद्रितं काढली. विहिरीच्या अर्जाखालची टीप उचलली आणि जशीच्या तशी प्रस्तावनेत घातली. प्रस्तावना त्या दोघांपैकी कुणीही वाचणार नाही.